चौघांची बैठक

गेल्या फेब्रुवारीत मुंबईहून बडोद्यास परत येताना मी वाटेत वापीला उतरलो. सिल्वासाजवळ खेरडी येथे माझा एक जुना विद्यार्थी राहतो. शाळेत असताना तो माझ्याकडे व्हायोलिन शिकला. पुढे इंजिनियर झाला, धाग्याच्या एका कारखान्यात लागला आणि तिकडेच त्याने बिऱ्हाड केले. मुंबईत मी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम ऐकून आलो होतो. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाचा नाद अजून कानांत घुमत होता. रात्री जेवणे उरकल्यावर विद्यार्थ्याने मला एका चिनी चौकडीचे ध्वनिमुद्रण ऐकविले. तिचे नाव शांघाय क्वार्टेट. ते संपल्यावर तो जरा संकोचून म्हणाला, "सर, आमच्या वसाहतीत व्हायोलिन वाजवणारे आम्ही तिघे आहोत. एक केरळचा, एक गोव्याचा आणि मी. नोटेशन तिघांनाही वाचता येते. पण असे काही बसवायचे म्हटले तर व्हायोला नाही, चेलो नाही. व्हायोला वाजवणारा एखादा तुमच्या माहितीत आहे का?"

बडोद्यात मी वीस वर्षे शिकवीत आहे. माझ्या माहितीत एकही नव्हता. आदल्या रात्री भरगच्च वाद्यवृंद ऐकून आलेल्या माणसास चार वादकांची मोट बांधता येईना, हे मला त्या घटकेस फार लागले. ज्या प्रश्नाकडे आपण क्वचितच पाहतो तो या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

तंतुवाद्यांची चौकडी म्हणजे दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो. व्हायोला हे व्हायोलिनहून थोडे मोठे आणि खालच्या आवाजाचे; चेलो त्याहून खर्जातले, जमिनीवर टेकवून गुडघ्यांत धरून वाजवावयाचे. अठराव्या शतकात हायडनने या चौघांच्या मेळास जे रूप दिले ते आजतागायत टिकून आहे. हे संगीत मुळात दिवाणखान्यातले. इंग्रजीत त्यास चेंबर म्युझिक म्हणतात. आपल्याला ते बैठकीचे संगीत म्हणून ताबडतोब उमगावे. मात्र आपल्या बैठकीत एक गवई मुख्य असतो आणि बाकीचे साथीला असतात. चौकडीत तसे नाही. मुख्य धून एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि आता जो पुढे होता तो पुढच्या ओळीत मागे सरून दुसऱ्याला जागा करून देतो. समोर हातवारे करणारा संचालक नसतो. एकमेकांचा श्वास आणि गजाची हालचाल पाहूनच चौघांना एकत्र उठावे लागते आणि एकत्र थांबावे लागते.

मोठ्या वृंदात पहिल्या व्हायोलिनांच्या रांगेत बारा-पंधरा जण एकच ओळ वाजवितात. त्यांतल्या एकाचा सूर किंचित उतरला तर तो इतरांत मिसळून जातो. चौकडीत प्रत्येक ओळीला एकच माणूस असतो, त्यामुळे झाकपाक करता येत नाही. म्हणूनच वृंदात नोकरी करणारे जाणते वादक सुट्टीच्या संध्याकाळी चौघे मिळून बसतात. त्यात द्रव्यलाभ थोडाच असतो, परंतु त्यांची विद्या ताजी राहते. एखाद्या गावात पाश्चात्य वाद्यवादन कितपत मुरले आहे हे पाहावयाचे असेल तर मी तिथल्या मोठ्या सभागृहाकडे न बघता, तिथे अशा किती चौकड्या चालतात, एवढेच विचारीन. वादक बाहेरून बोलावून एका हंगामापुरता मोठा वृंद उभा करता येतो. वर्षानुवर्षे आठवड्यातून दोन संध्याकाळी एकत्र बसणारे चौघे मात्र त्याच गावचे रहिवासी असावे लागतात.

या कसोटीवर मुंबई एकेकाळी उतरली होती हे आज थोड्यांच्या स्मरणात असेल. 1934 साली वॉल्टर कॉफमन नावाचा एक तरुण यहुदी संगीतकार मध्य युरोपातून मुंबईस आला. आकाशवाणीची जी धून ऐकून आपल्या दोन-तीन पिढ्या पहाटे जाग्या झाल्या तिचा कर्ता म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. येताक्षणीच, त्याच वर्षी, त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. तीत व्हायोलिनला मेहली मेहता होते आणि चेलोला व्हेर्गा नावाचे इटालियन वादक. पहिल्या तीन वर्षांतच या मंडळींनी शंभराहून अधिक बैठकी केल्या. मेहलींनी 1935 साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि 1940 साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभे केले. त्यांचे चिरंजीव झुबिन, ज्यांचा जन्म 1936 चा, ते घरात चाललेले हे वादन ऐकतच मोठे झाले. जगाच्या मोठमोठ्या वृंदांपुढे पुढे जो मनुष्य उभा राहिला त्याच्या कानाला पहिले वळण मुंबईतल्या एका घराने लावले, हे विसरता येत नाही.

पुढे काय झाले? कॉफमन 1946 साली भारत सोडून गेले. मेहली पन्नाशीच्या दशकात इंग्लंडला मँचेस्टरच्या हॅले वृंदात गेले आणि तेथून अमेरिकेस. फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध कर्टिस चौकडीत त्यांनी पाच वर्षे दुसरे व्हायोलिन वाजविले. मुंबईत जो वृंदाचा संस्थापक होता तो परमुलखात दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीवर बसला आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. चौकडीचा संस्कार म्हणतात तो हाच. मुंबईत मात्र त्यांच्या मागे ती खुर्ची चालविणारे कोणी उरले नाही. युरोपियन आणि यहुदी मंडळी स्वातंत्र्यानंतर पांगली, आणि ज्यांच्या हातांत खरी विद्या होती ते गोमंतकीय वादक चित्रपटांच्या स्टुडिओत गेले.

या गोमंतकीयांचे ऋण आपण पुरते मानलेले नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. त्या गुरूचे नाव पुढे 1977 च्या एका चित्रपटातल्या गाण्यामुळे घरोघर पोहोचले, पण तो खराखुरा संगीतशिक्षक होता हे किती जणांना ठाऊक होते? त्याच गोन्साल्विसांनी 1958 साली भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्य वृंद यांचा मेळ घालण्याकरिता इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. तो फार काळ चालला नाही. स्टुडिओत रोजचे काम होते, रोजचे पैसे होते. चित्रपटसंगीताला त्यांनी जे दिले ते मोठेच आहे. पण सकाळी एका संगीतकाराकडे आणि दुपारी दुसऱ्याकडे धावणाऱ्या माणसाला संध्याकाळी चौघांत बसावयास उसंत कोठून मिळणार? 1980 नंतरच्या दशकात यंत्रांचे सूर आले आणि ते रोजचे कामही सुटत गेले. मुलांनी बापाचे व्हायोलिन भिंतीवर टांगले.

खेरडीच्या त्या मुक्कामात आणखी एक विचार मनात आला. नगर हवेलीचा हा मुलूख 1783 साली पेशव्यांच्या दरबाराने एका जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी पोर्तुगीजांस दिला. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात आपले सुधीर फडके स्वतः उतरले होते आणि त्याच्या निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला होता. म्हणजे पोर्तुगीजांचे राज्य येथे पावणेदोनशे वर्षांच्या घरात होते. गोव्यातही तेच राज्य. मग गोव्याच्या खेड्याखेड्यांत व्हायोलिन शिरले आणि खेरडीच्या वारली पाड्यांवर मला तारपा आणि घांगळीच का दिसली? गोव्यात चर्चला लागून शाळा होत्या आणि त्या शाळांत अक्षरांबरोबर सूर वाचावयास शिकवीत. या मुलखातून महसूल तेवढा नेला गेला. विद्या रक्ताने उतरत नाही आणि राज्यकर्ता बदलला म्हणूनही येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शिकविणारी शाळा आणि शिकलेल्यास पोटापुरते काम, ही दोन्ही असली तर ती टिकते. तारपेवाल्याचे पाहा ना. तो मध्ये फिरत वाजवीत असतो आणि हातांत हात गुंफलेली साखळी त्याच्या सुरांतला बदल ओळखून पाऊल बदलते. ही समज त्या पोरांना बाहेरच्या कुणी शिकविलेली नाही. दर हंगामात ती शिकविली जाते, म्हणून ती आहे.

आता चीनकडे पाहू. तेथेही आरंभ परक्यांनीच केला. शांघायच्या परकीय वसाहतीत 1879 साली एक बँड निघाला, त्याचाच पुढे वृंद झाला. मारिओ पाची नावाच्या इटालियन संचालकाने 1919 पासून त्याला नावारूपास आणले. त्या वृंदात पहिला चिनी वादक बसला तो 1927 साली. त्यांचे नाव तान शुचेन. त्याच वर्षी शांघायला संगीताची राष्ट्रीय शाळा निघाली. या शेवटच्या गोष्टीस मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. मुंबईत वृंद झाला आणि चौकडी झाली, पण वादक घडविणारी अशी शाळा तिच्या जोडीने झाली नाही.

चीनचा पुढचा मार्ग काही राजमार्ग नव्हता. 1966 ते 1976 या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात पाश्चात्य संगीत हे पाप ठरले. बेजिंगच्या मध्यवर्ती संगीतशाळेचे प्रमुख, व्हायोलिनवादक मा सुत्सुंग यांना 1967 साली देशातून पळून जावे लागले. तान शुचेन यांना त्यांच्याच शाळेतल्या जिन्याखालच्या अडगळीत कित्येक महिने कोंडून ठेवले. 1979 साली आयझॅक स्टर्न तेथे गेले तेव्हा या वृद्ध गृहस्थांनी आपली कहाणी कॅमेऱ्यापुढे शांतपणे सांगितली. तो माहितीपट मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखविला आहे. आणि एवढा विध्वंस होऊनही 1983 साली, म्हणजे अवघ्या सात वर्षांत, त्याच शांघायच्या शाळेतल्या विद्यार्थ्यांनी चौकडी बांधली. 1985 साली तिने इंग्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळविला. त्या चौकडीतले ली आडनावाचे दोघे भाऊ आईबापांकडेच शिकले. दोघेही व्हायोलिनचे, पण एकाने पुढे व्हायोला हाती घेतला. बरीच वर्षे अमेरिकेत काढून ही चौकडी 2020 साली तियानजिनला नव्याने निघालेल्या जुलियार्ड शाळेत शिकवावयास परतली. आज चीनमधल्या वृंदांतले वादक आपापली नोकरी सांभाळून अशा चौकड्या चालवितात, ही तिकडे नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

मी चीनचे गोडवे गावयास बसलेलो नाही. तिथली बालवयापासूनची परीक्षांची चक्की, सरकारच्या मर्जीवर चालणारे कलाजीवन आणि एका फतव्यासरशी पेटविलेल्या संगीताच्या होळ्या हे सर्व ध्यानात धरलेच पाहिजे. माझा मुद्दा एवढाच आहे की, शिक्षकांची एक फळी तयार झालेली असली म्हणजे दहा वर्षांचा वणवाही मुळे जाळू शकत नाही. आपल्याकडे वणवा लागला नाही. कोणी कोणाला कोंडले नाही. तरीही रोप सुकले; कारण पाणी घालावयाचे काम कोणाकडेच दिलेले नव्हते.

मुंबईत 2006 साली खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला, त्याला आता वीस वर्षे होत आली. देशातला हा एकमेव व्यावसायिक वृंद. नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये त्याचे हंगाम होतात. 2019 साली तो इंग्लंडचा दौराही करून आला. त्यातले पुष्कळ वादक कझाकस्तानातून आणि अन्य देशांतून आलेले असतात, यावर टीका होत आली आहे. ती टीका मला अर्धीच पटते. शांघायच्या वृंदातही पहिली अठ्ठेचाळीस वर्षे चिनी माणूस नव्हता. बाहेरच्या माणसांनी आरंभ केला यात लाज वाटण्याजोगे काही नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या शेजारी आपली मुले केव्हा बसतात हा. या दृष्टीने 2012 साली त्याच संस्थेने लहान मुलांकरिता जी अकादमी काढली, ती मला वृंदाच्या दौऱ्यांहून मोलाची वाटते. तिथल्या परदेशी वादकांपैकी काही जण वर्षभर मुंबईत राहून मुलांना शिकवितात. तिथे वाढलेली चार मुले उद्या मुंबईच्याच एखाद्या घरात आठवड्याला भेटून चौकडी वाजवू लागली, तर मेहलींची रिकामी राहिलेली खुर्ची भरली असे मी समजेन.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, आपले रागसंगीत एवढे संपन्न असता हा परका खटाटोप हवा कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण बडोद्याच्या जुन्या घरांना तरी हे परके वाटू नये. 1886 साली मौलाबक्षांनी याच शहरात गायनशाळा काढली. त्यांचे चिरंजीव लंडनच्या रॉयल अकादमीत पाश्चात्य संगीत शिकून आले. दरबारच्या पदरी देशी कलावंत होते तसा बँडही होता. शिवाय व्हायोलिन आपण केव्हाच आपलेसे केले. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी त्यातून गायकी काढली. परंतु व्हायोला आणि चेलो ही भावंडे मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली. असे का? मला वाटते, आपण व्हायोलिन घेतले ते गाणाऱ्याचा गळा म्हणून, मुख्याचे वाद्य म्हणून. मधला आवाज भरण्याकरिता एखादे वाद्य शिकावे, ही कल्पनाच आपल्याला रुचत नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक पालक "मुलगा स्टेजवर कधी वाजवील?" असे विचारतो. "तो दुसऱ्याबरोबर कधी वाजवील?" असे आजवर एकानेही विचारलेले नाही.

माझे वडील दरबारच्या वादकांपैकी होते. वयाने सर्वांत लहान, आणि दिलरुब्यावर साथीला. 1949 साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांची मिसरूडही फुटली नव्हती. दरबारच्या वैभवाच्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. एक गोष्ट मात्र पुनःपुन्हा सांगत. मागे बसून वाजवणाऱ्यालाही तिथे महिन्याचा पगार ठरलेला असे आणि तालमीला उशीर झाला तर मुख्य वादकाइतकाच दंड त्यालाही बसे. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटत नसे. खेरडीच्या त्या रात्री त्याचा अर्थ कळला. मधल्या माणसाला ज्या व्यवस्थेत मान आणि वेतन असते त्याच व्यवस्थेत चौथा माणूस सापडतो. संस्थाने गेली ते योग्यच झाले. पण त्या मागच्या रांगेचा भार पुढे कोणी उचलावयाचा हे ठरलेच नाही. सरकारने पारितोषिके ठेवली ती एकट्याने वाजविणाऱ्यांना. दूरचित्रवाणीवर स्पर्धा होतात त्या एकट्यांच्या. याचा फटका पाश्चात्य संगीतालाच बसला असेही नाही. चांगला सारंगिया, चांगला तानपुऱ्यावर बसणारा शिष्य मिळेनासा झाला आहे तो याच कारणाने.

म्हणून मला जे सुचते ते अगदी साधे आहे. प्रत्येक संगीतशाळेने व्हायोलिन शिकणाऱ्या चार मुलांमागे एकाला तरी व्हायोला द्यावा. चेलो महाग असतो आणि सामान्य घरात तो ठेवावयासही जागा लागते. तो शाळेने विकत घेऊन मुलांना वापरू द्यावा. वार्षिक समारंभात एक बक्षीस मिळून वाजविणाऱ्यांसाठी राखावे, मग ती पाश्चात्य चौकडी असो की आपले वृंदवादन. आणि ज्या जुन्या घरांत अजून मोठे दिवाणखाने आहेत त्यांनी महिन्यातली एक संध्याकाळ अशा चौघांना द्यावी. कॉफमनच्या मंडळींजवळ तरी याहून फारसे काय होते?

त्या रात्री मी विद्यार्थ्याला म्हणालो, "तुम्ही तिघे आहात ना? मग व्हायोला बाहेर शोधू नका. तुमच्यातल्याच एकाने घ्या." तो हसला आणि म्हणाला, "सर, पण व्हायोलिन सोडायचं कोणी?" मी म्हटले, "तेच तर ठरवायचं आहे."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. गोव्याच्या त्या गृहस्थांनी आपल्या जुन्या व्हायोलिनवर व्हायोलाच्या सुरांच्या तारा चढविल्या आहेत आणि खालच्या सुरांची ओळ वाचावयास आरंभ केला आहे. नाद अजून पातळ येतो, पण तिघे मिळून दर गुरुवारी बसतात. चेलोची जागा रिकामी आहे. बडोद्यात कोणाच्या माळ्यावर बँडच्या काळातला एखादा चेलो पडून असेल तर त्यांनी मला अवश्य कळवावे. दुरुस्तीचा खर्च मी करीन.